फोटो पोहोचला नाही, तर तोटा कोणाचा?

टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये अजूनही चेक चालतात. घरभाडं, शाळेच्या सहलीचे पैसे, झाड छाटायला आलेल्या माणसाची मजुरी, एकता मंदिराची देणगी. नव्यानं आलेल्या मराठी माणसाला याचं नवल वाटतं, कारण पुण्यात कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेही क्यूआर कोडवर जातात. मात्र चेक हातात पडला की तो घेऊन बँकेत फारसं कुणी जात नाही. मागं सही करायची, सहीखाली ‘फक्त मोबाइल डिपॉझिटसाठी’ असं इंग्रजीत लिहायचं, चेक ओट्यावर सपाट ठेवायचा आणि बँकेचं ॲप उघडायचं. ॲप कागदाचे चारही कोपरे शोधतं, उजेड कमी असेल तर सांगतं, हात स्थिर झाला की स्वतःच फोटो काढतं. आधी पुढची बाजू, मग मागची. काही सेकंदांत ‘मिळाला’ असा निरोप येतो आणि सोबत एक क्रमांक. कागद काही दिवस खणात ठेवायचा, पैसे जमा झाले की फाडून टाकायचा.

मी मोबाइल ॲपचं काम करतो. फोनमधून निघालेला फोटो क्लाउडपर्यंत सुखरूप नेणं हा त्यातला रोजचा भाग. आमच्या बैठकांत बोलणं होतं ते वेगाचं आणि साठवणुकीच्या खर्चाचं. मला त्याहून मोठा वाटणारा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. फोटो वाटेत हरवला, उशिरा पोहोचला किंवा नीट दिसला नाही, तर नुकसान कुणी सोसायचं? चेकच्या बाबतीत अमेरिकेनं याचं बरंचसं उत्तर कायद्यात लिहून ठेवलं आहे. महाराष्ट्रात सरकारी ॲपवर फोटो चढवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती असं स्पष्ट उत्तर पडलेलं नाही, त्यामुळे नुकसान आपोआप त्याच्याच माथी येतं. ज्यानं फोटो मागितला आणि फोटो नेण्याची वाट बांधली, त्यानंच वाटेतली जोखीम उचलावी, असं माझं ठाम मत आहे. आणि तंत्र म्हणून पाहिलं तर ते फारसं अवघडही नाही.

चेकची गोष्ट आधी पुरी करतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेतली विमानं काही दिवस जमिनीवर अडकून राहिली. तेव्हा चेकचे गठ्ठे विमानानं एका शहरातून दुसऱ्या शहरात जात; तेही अडकले. कागद हलला नाही तर पैसा हलत नाही, हे सगळ्यांना एकदमच दिसलं. २००३ मध्ये ‘चेक २१’ कायदा झाला आणि २८ ऑक्टोबर २००४ पासून लागू झाला. चेकच्या चित्रावरून नियमाप्रमाणे छापलेल्या पर्यायी चेकला त्यानं मूळ कागदाइतकीच कायदेशीर किंमत दिली. पुढं २००९ मध्ये आमच्या टेक्सासमधल्याच, सॅन अँटोनिओच्या यूएसएए या संस्थेनं ग्राहकांना फोनवरून चेक भरू द्यायला सुरुवात केली. तिचे ग्राहक म्हणजे सैनिक आणि त्यांची कुटुंबं, जगभर विखुरलेली. शाखा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. तिला ही सोय लागणारच होती.

या कायद्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती जबाबदारीची वाटणी. कागदाचं पर्यायी चेकात रूपांतर करणाऱ्या बँकेनं हमी द्यायची की चित्र मूळ चेकाशी जुळतं आहे आणि त्याच चेकाचे पैसे पुन्हा मागितले जाणार नाहीत. अशा पर्यायी चेकामुळे ग्राहकाच्या खात्यातून चुकून पैसे गेले आणि त्यानं मुदतीत तक्रार केली, तर चौकशी लांबली तरी दहाव्या कामकाजाच्या दिवसापर्यंत २,५०० डॉलरपर्यंतची रक्कम बँकेनं आधी परत खात्यात टाकायची; शोध नंतर. फोनवरून चेक भरणं सर्रास झालं तेव्हा नवी अडचण उभी राहिली. कुणी फोटो एका बँकेला पाठवायचा आणि कागद दुसऱ्या बँकेत वटवायचा. १ जुलै २०१८ पासून फेडरल रिझर्व्हच्या नियमात त्याचीही तजवीज आली. कागद घेणाऱ्या दुसऱ्या बँकेचे पैसे अशा प्रकारात बुडाले, तर फोटो घेणाऱ्या बँकेनं तिला भरपाई द्यायची. फोटो घेण्याची सोय जिनं सुरू केली, जोखीम तिची. सहीखाली ती ओळ लिहायची पद्धत पसरली ती यामुळेच.

आता महाराष्ट्राकडे येऊ. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तोवर सातबाऱ्यावरचा पीकपेरा, म्हणजे गाव नमुना बारा, तलाठी भरत असे. आणि तो चावडीत बसून अंदाजानं भरला जातो ही तक्रार फार जुनी. नव्या पद्धतीत शेतकऱ्यानं स्वतःच्या फोनवर ॲप घ्यायचं, खाते क्रमांक आणि गट क्रमांक निवडायचा, पीक, क्षेत्र आणि पाण्याचं साधन भरायचं, आणि शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. फोटोसोबत अक्षांश-रेखांश जातात. कल्पना उत्तम आहे, आणि हे मी मनापासून म्हणतो. आपल्या जमिनीच्या दप्तरात काय लिहिलं जावं हे कसणाऱ्यानं स्वतः नोंदवणं ही सातबाऱ्याच्या इतिहासात मोठी झेप होती.

पण या एका फोटोवर किती गोष्टी टांगल्या आहेत ते पाहा. पिकाची नोंद नसेल तर हमीभावाच्या खरेदी केंद्रावर अडचण, अतिवृष्टीच्या मदतीत अडचण, विमा आणि पीककर्जात अडचण. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपयांचं साहाय्य जाहीर झालं, तेव्हा ई-पीक पाहणीतली नोंद ही अट होती. नोंद न झालेल्यांनी ओरड केल्यावर २०२४ मध्ये ती सैल करावी लागली. दर हंगामात सर्व्हर चालत नाही, ॲप अडकतं, शिवारात रेंज नाही अशा बातम्या येतात आणि मुदत वाढवून मिळते. राहिलेल्या नोंदी सहायकांकडून करून घेण्याची सोय नंतर आली, ही चांगली गोष्ट. पण मुदतवाढ काय किंवा अट शिथिल करणं काय, ही मेहेरबानी आहे. ती यंदा मिळेल, पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. अर्विंगच्या ओट्यावर चेकाचा फोटो काढणाऱ्याला कुणाच्या मेहेरबानीची वाट पाहावी लागत नाही.

फोनपासून क्लाउडपर्यंत फोटोचं काय होतं ते थोडं जवळून पाहू, कारण जबाबदारी कुठं ढकलली जाते ते तिथंच कळतं.

साध्या फोनचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा धरला तर चित्रात १ कोटी २० लाख ठिपके येतात. प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट धरले की ३६ एमबी होतात. फोन ते आवळून ३ ते ४ एमबीवर आणतो. ही आवळण्याची युक्ती १९७४ च्या एका छोट्या शोधनिबंधात आहे. लेखक तिघं: नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव. यातले राव अर्विंगजवळच्या आर्लिंग्टनच्या टेक्सास विद्यापीठात १९६६ पासून शिकवत होते. नासिर अहमद मूळचे बंगळुरूचे. या कल्पनेवर काम करायला त्यांनी १९७२ मध्ये अमेरिकी सरकारच्या विज्ञान संस्थेकडे अनुदान मागितलं होतं, ते नाकारलं गेलं. पुढं १९९२ च्या जेपेग मानकाचा पाया हीच पद्धत झाली. चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात उजेड कुठं संथपणे बदलतो आणि कुठं झपाट्यानं, हे ६४ आकड्यांत मांडायचं. मग झपाट्याचे जे बदल डोळ्याला फारसे जाणवत नाहीत ते आकडे ढोबळ करायचे. बरेचसे शून्यच होतात आणि जागा वाचते.

म्हणजे फोटो आवळताना काय टाकून द्यायचं हे ठरतं ते माणसाच्या डोळ्याच्या हिशेबानं. शेतातल्या फोटोत मात्र पानाच्या कडा, शिरा, तुरीच्या आणि सोयाबीनच्या पानातला फरक हे सगळं त्या बारीक, झपाट्यानं बदलणाऱ्या तपशिलातच असतं. ॲप बनवणाऱ्यानं डेटा वाचवायला फोटो अति आवळला आणि नंतर तपासणाऱ्यानं ‘पीक ओळखू येत नाही’ असा शेरा मारला, तर दोष फोटो काढणाऱ्याचा कसा? बँकेचं ॲप ओट्यावरच सांगतं की अंधार आहे, पुन्हा काढा. ती तपासणी शेतकरी बांधावर उभा असतानाच व्हायला हवी. तो घरी परतल्यावर आलेला नकार त्याच्या काही उपयोगाचा नसतो. दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडवून त्याला पुन्हा त्याच गटात जावं लागतं.

आता रेंज. डोंगराकडेच्या शिवारात सेकंदाला १०० किलोबिट वेग मिळाला तरी नशीब. त्या वेगानं ३ एमबीचा फोटो जायला चार मिनिटं लागतात, आणि त्या चार मिनिटांत जोडणी एकदा तरी तुटतेच. तुटल्यावर पहिल्यापासून सुरुवात करणारं ॲप आणि तुटलं तिथून पुढं नेणारं ॲप, यांतला फरक शेतकऱ्याला माहीत नसतो, पण तो भोगतो. तोच फोटो आधी १,२८० ठिपके रुंदीचा करून घेतला तर साधारण २५० केबी होतो आणि वीस सेकंदांत जातो. माझ्या मते वाट अशी असावी. लहान प्रत आधी जावी आणि नोंद तिच्यावर पक्की व्हावी. मूळ फोटो फोनमध्येच थांबावा आणि गावात चांगली रेंज मिळाली की मागाहून जावा. पानाचा तपशील पाहायचा असेल तेव्हा मूळ फोटो पाहावा.

शेवटच्या दिवशी सर्व्हर कोलमडतो त्याचंही गणित असंच आहे. प्रत्येक फोटो ॲपच्या मुख्य सर्व्हरमधून नेला, तर चार-चार मिनिटं उघड्या राहिलेल्या हजारो संथ जोडण्याच त्याचा गळा आवळतात. क्लाउडवर यावर उपाय जुना झाला. ॲमेझॉननं आपली एस-थ्री साठवण २००६ मध्ये खुली केली. अशा साठवणींमध्ये सर्व्हर फोनला थोड्या वेळापुरता चालणारा, सही केलेला पत्ता देतो आणि फोन फोटो थेट गोदामात टाकतो. मुख्य सर्व्हरकडे उरते ती फक्त नोंद. गर्दी झालीच तर सर्व्हरनं फोनला ‘दोन तासांनी ये’ असं सांगावं. फोटो कधी काढला ते त्याआधी नोंदलेलं असेल तर दोन तासांनी कुणाचंच काही बिघडत नाही.

‘कधी काढला’ हा शब्दप्रयोग इथं कळीचा आहे. मुदत कोणत्या क्षणाला लावायची? फोटो काढला त्या क्षणाला, की सर्व्हरवर चढला त्या क्षणाला? पहिला क्षण माणसाच्या हातात आहे. दुसरा मोबाइल कंपनीच्या टॉवरच्या, क्लाउडच्या आणि त्या दिवशीच्या गर्दीच्या हातात आहे. मुदत दुसऱ्या क्षणाला लावणं म्हणजे दुसऱ्यांच्या दिरंगाईचा दंड शेतकऱ्याकडून वसूल करणं. फोनचं घड्याळ मागं करता येतं हा आक्षेप खरा आहे. पण सकाळी रेंजमध्ये असताना सर्व्हरनं दिलेला त्या दिवसाचा शिक्का, उपग्रहाकडून मिळणारी वेळ आणि फोन सुरू झाल्यापासूनचे सेकंद, हे तिन्ही जुळवले तर थाप मारणं पुष्कळ कठीण होतं. अशक्य होत नाही, हेही मान्य.

उशीर आणि नुकसान यांत निवड करायची वेळ आली तर काय करावं, याचा धडा टेक्सासनंच दिलेला आहे. ४ सप्टेंबर २०१८ रोजी सॅन अँटोनिओ भागात वीज कोसळली. मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरमध्ये विजेचा दाब उसळला, थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली, तापमान चढलं आणि यंत्रं आपोआप बंद झाली. त्यांची एक सेवा वीस तासांहून जास्त वेळ ठप्प होती. दुसऱ्या भागातल्या प्रतीवरून ती लवकर सुरू करता आली असती. पण ती प्रत काही क्षणांनी मागं असते. तिच्यावर उडी मारली असती तर मधल्या क्षणांतली लोकांची कामं कायमची गेली असती. त्यांनी ताटकळणं पत्करलं, आणि का पत्करलं ते नंतर जाहीरपणे सांगितलं. क्लाउड म्हणजे शेवटी कुठल्या तरी गावातली इमारत असते, पुण्यातही २०१५ पासून मायक्रोसॉफ्टची अशी केंद्रं आहेत, आणि तिच्यावर वीज पडू शकते. अशा दिवशी मुदतीचा काटा थांबवायचा की नाही, हे आधीच लिहून ठेवायला हवं.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो पोचपावतीच्या जागी. फोटो सर्व्हरवर पोहोचतो, पण ‘मिळाला’ हा उलट निरोप रेंज गेल्यामुळे फोनपर्यंत येत नाही. फोन पुन्हा पाठवतो. चांगल्या ॲपमध्ये शटर दाबताक्षणी फोटोला एक क्रमांक मिळतो आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की सर्व्हर नवी नोंद करत नाही. उलट प्रकार जास्त वाईट. फोटो नुसता फोनमध्ये साठवला गेलेला असतो आणि पडद्यावर मात्र ‘जतन झाले’ अशी हिरवी खूण येते. माणूस निश्चिंत होतो. पुढं फोन भरला म्हणून मुलगा जुन्या गोष्टी पुसून टाकतो, किंवा ॲप काढून नवं घेतो, आणि नोंद कुठंच नसते. इथं पडद्यावरचा एक शब्द बदलला तरी नुकसान टळतं: ‘फोनमध्ये आहे, अजून पोहोचला नाही’. फोटोचा ठसा, म्हणजे त्याच्या प्रत्येक बाइटवरून काढलेला आकडा, फोनवर आणि सर्व्हरवर जुळल्याशिवाय हिरवी खूण दाखवायची नाही, आणि तोवर फोनमधली प्रत कुणालाही पुसू द्यायची नाही. काही ओळींचं काम आहे. ते होत नाही, कारण ते न केल्याचा भुर्दंड करणाऱ्याला बसत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सवलत दिली की लबाडी वाढेल. हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दुसऱ्याच्या शेताचा फोटो आपल्या गटावर चढवणारे असतातच. पण जाच वाढवला म्हणून लबाडी थांबते का, हे आपण रोजगार हमीवर पाहिलं आहे. ज्या महाराष्ट्रानं वि. स. पागे यांच्या कल्पनेतून देशाला रोजगार हमी दिली, तिथल्या मजुरांचीही हजेरी १ जानेवारी २०२३ पासून कामाच्या जागेवरून फोटोनं लागू लागली. दिवसातून दोनदा फोटो, ठिकाणासह. सर्व्हर अडला की हजेरी अडली, आणि घाम गाळूनही मजुरीवर पाणी सोडायची पाळी आली. म्हणून गैरप्रकार संपले का? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच परिपत्रक काढून सांगितलं की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जात आहेत, फोटोचेच फोटो काढले जात आहेत, दुपारचे फोटो घेतलेच जात नाहीत. उपाय म्हणून काय सुचवलं? माणसांनी फोटो तपासावेत. लबाडाला पळवाट सापडली आणि रेंज नसलेल्या प्रामाणिक बाईची मजुरी तेवढी अडली. लबाडी शोधायचीच तर ती पोहोचलेल्या फोटोंत शोधावी. न पोहोचलेला फोटो हा लबाडीचा पुरावा नसतो.

फोन कुणाचा, हाही प्रश्न याच हिशेबात बसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले फोन परत केले. फोनची स्मृती अपुरी, ॲप इंग्रजीत, दुरुस्तीचा खर्च पदरचा. वाटेतली जोखीम आपल्यावर टाकली जाते आहे हे त्या बायकांनी बरोबर ओळखलं होतं, आणि ते इतकं ठसठशीतपणे सांगितलेलं मला इतर कुठं आढळलेलं नाही. शेतकऱ्याला तर परत करायलाही फोन नाही. ई-पीक पाहणीचा फोन त्याचा, डेटा पॅक त्याचा.

फोटो पोहोचल्यानंतरची जबाबदारी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. टेक्सासमध्ये चेहऱ्याच्या ठेवणीसारख्या शारीरिक खुणा न विचारता टिपण्याविरुद्ध २००९ पासून कायदा आहे. त्याच कायद्याखाली राज्यानं मेटावर २०२२ मध्ये दावा लावला आणि जुलै २०२४ मध्ये कंपनीनं १४० कोटी डॉलर देऊन तो मिटवला. लोकांनी फोटो हौसेनं चढवले होते. तरीही त्या फोटोंतून काय काढून घेतलं याचा जाब साठवणाऱ्याला द्यावा लागला. फोटो ज्याच्या गोदामात आहे तोच उत्तरदायी, हे तत्त्व इथं चेकालाही लागू पडलं आणि चेहऱ्यालाही.

व्हॅली रँचपासून लास कोलिनासच्या कचेऱ्यांपर्यंत अर्विंगमध्ये जी मराठी मंडळी ही कामं करतात, त्यांना वर लिहिलेलं काहीच नवं नाही. तीच मंडळी, किंवा त्यांचे कॉलेजचे मित्र, पुण्यात सरकारी ॲपही बांधतात. कसब तेच आहे. फरक पडतो तो कामाच्या करारात काय लिहिलं आहे यावरून. बँकेच्या करारात फोटो हरवण्याची किंमत लिहिलेली असते, म्हणून तिथं रांग, ठसा आणि पोचपावती आपोआप येतात. सरकारी निविदेतही ही किंमत यायला हवी. शटर दाबलं की रेंज असो वा नसो, शेतकऱ्याच्या पडद्यावर मराठीत क्रमांक, तारीख आणि वेळ उमटली पाहिजे आणि ती कागदावर उतरवून घेता आली पाहिजे. मुदत त्या वेळेला लागली पाहिजे. सर्व्हर बंद होता ते तास मुदतीतून आपोआप वगळले पाहिजेत आणि कधी बंद होता ते चावडीवर लागलं पाहिजे. आणि शेतकऱ्याकडे क्रमांक आहे पण सर्व्हरवर फोटो नाही असं झालं, तर त्याची नोंद खरी धरून पुढचं काम चालू ठेवायचं, आणि फोटो कुठं गेला याचा शोध सर्व्हर चालवणाऱ्यानं आपल्या खर्चानं घ्यायचा.